बारा पोटांत सारखं तेल

या तेलातून डॉक्टरच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. एक, कायमची नेमणूक. सात वर्षं तो वर्षावर्षाच्या करारावर होता आणि कराराची मुदत संपायच्या आठवड्यात मोठ्या साहेबांच्या विनोदांना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हसत होता. दोन, खिडकी असलेली खोली. सध्याची खोली पूर्वी चादरींचं कोठार होती, आणि अजूनही अधूनमधून कुणीतरी दार ढकलून "दोन अभ्रे द्या हो" म्हणायचं. तीन, दारावरच्या पाटीवरून 'सहायक' हा शब्द जाणार होता. चार, सासरे गप्प बसणार होते. ही चौथी गोष्ट त्यानं कुठं बोलून दाखवली नव्हती, पण बायकोच्या मते त्याला खरी ओढ या चौथीचीच होती.

एवढं सगळं मिळवायला त्याला लागणार होत्या फक्त दोन जिनसा: बारा बाळांच्या दुधात घालायला थोडं तेल, आणि त्याच बारा बाळांची शी.

प्रकरण तसं साधं आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ किलो-सव्वा किलोचं असतं. त्याला काचेच्या पेटीत ठेवतात, नळीनं दूध देतात, आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून औषधं देतात. त्या औषधांनी वाईट जंतू मरतात तसे पोटातले चांगलेही मरतात. जागा रिकामी झाली की तिथं यीस्ट पथारी पसरतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचं हे चुलत भावंड. बहुतेक वेळा ते मुकाट्यानं राहतं, पण एवढ्याशा जिवात ते रक्तात शिरलं तर मोठमोठ्या डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळतं. आता नारळापासून काढलेलं एक पातळ तेल असतं. बाळाला पचायला सोपं, म्हणून वजन वाढवायला ते तसंही देतात. ते तेल यीस्टला मानवत नसावं, अशी शंका डॉक्टरच्या आधीही काही जणांना आली होती. डॉक्टरनं ठरवलं, आपण मोजून बघू. बारा बाळं घ्यायची. सहांच्या दुधात तेल, सहांचं दूध तसंच. आठवड्यातून दोनदा प्रत्येकाची शी तपासायची, असं तीन आठवडे. तेलवाल्या सहांचं यीस्ट कमी झालं आणि बाकीच्या सहांचं झालं नाही, की प्रबंध तयार, नेमणूक तयार, खिडकी उघडी.

बाळांच्या आईवडिलांना त्यानं सगळं समजावून सांगितलं होतं. तेल मिळेल किंवा मिळणार नाही, चिठ्ठी निघेल तसं, आणि दोन्ही तऱ्हांना आमची तयारी आहे, असं त्यांनी सही करून दिलं होतं.

डॉक्टर प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक माणसांची एक खोड असते: त्यांचा स्वतःवर विश्वास नसतो. कुठल्या बाळाला तेल आहे हे आपल्याला कळलं, तर त्याच्या डायपरकडे आपण जरा प्रेमानं बघू, अशी त्याला भीती होती. म्हणून त्यानं स्वतःवरच बंदी घातली. चिठ्ठ्या बंद पाकिटात. पाकीट उघडायचं ते फक्त मोठ्या सिस्टरांनी, दुधाच्या खोलीत, आणि डॉक्टरनं त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. अडचण एकच होती. कोणत्या बाळाला किती दूध दिलं याची वही दुधाच्या खोलीत असायची आणि तिच्यावर दर आठवड्याला डॉक्टरची सही लागायची, तसा रुग्णालयाचा नियमच होता. वहीत शेवटचा रकाना 'शेरा' नावाचा, आणि तेलाची नोंद व्हायची ती तिथंच. डॉक्टरनं त्यावर तोडगा काढला. वही दाराशी आणायची, डावा तळहात शेऱ्यावर ठेवायचा, मान उजवीकडे वळवायची आणि सही ठोकायची.

मोठ्या सिस्टर त्याला मदतही करायच्या. "जरा खाली घ्या हात. अजून. हां, आता झाकलं सगळं. करा सही."

या मोठ्या सिस्टर चौतीस वर्षं या विभागात होत्या, आणि निवृत्तीला सात महिने उरले होते. इतक्या वर्षांत त्यांनी डॉक्टर येताना-जाताना पाहिले, यंत्रं बदलताना पाहिली, भिंतींचा रंग चार वेळा बदललेला पाहिला. त्यांच्या हातात राहिली ती वाटणी. सुट्ट्या, साबण, पाठ न दुखणारी एकमेव खुर्ची, सगळं त्या मोजून वाटायच्या. एकदा कुणा बाळाच्या आजोबांनी बिस्किटांचा डबा आणून दिला, तेव्हा सिस्टरांनी झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या साहेबांपर्यंत डोकी मोजली, आणि उरलेल्या तीन बिस्किटांचे पट्ट्या कापायच्या कात्रीनं तुकडे केले. मोठ्या साहेबांना दीड बिस्कीट आलं. त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं.

काम सुरू झालं, आणि पहिल्याच आठवड्यात डॉक्टरला कळलं की जगातली सगळ्यात बेभरवशाची वस्तू म्हणजे सव्वा किलोच्या माणसाची शी. हवी तेव्हा होत नाही, आणि होते तेव्हा डॉक्टर बाहेर असतो. ताजी हवी, छोट्या चमच्यानं उचलायची, डबीत भरून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायची. त्यानं सिस्टरांना सांगून ठेवलं होतं, झाली की फोन करा, मी असेन तिथून येतो.

त्याप्रमाणे फोन यायचे. न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या डोक्यानं बसलेला असताना आला. "पाच नंबरनं केली. भरपूर आहे, लवकर या." न्हाव्यानं कात्री थांबवली. पासपोर्टच्या रांगेत आला, तेव्हा डॉक्टर उत्साहानं ओरडला, "दोघांनी केली? अरे वा! फेकू नका हं!" आणि त्याच्या पुढे एकदम बरीच जागा मोकळी झाली. पाठीमागे सगळे त्याला शीवाले डॉक्टर म्हणू लागले. पुढेपुढे समोरही.

रविवारी जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, नक्की कशावर चाललंय म्हणालात संशोधन?"

"वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या आतड्यातल्या यीस्टवर, बाबा."

"बरं. आणि ते दिसतं कुठं?"

डॉक्टर आमटी वाढून घेऊ लागला.

"अहो, सांगा की. आमचे मित्र विचारतात. एकाचा जावई हृदयात असतो. एकाचा मेंदूत असतो. आमचा कुठं असतो, ते आम्हाला सांगता यायला नको?"

"बाबा, जेवा," बायको म्हणाली.

चार महिन्यांत बारा बाळं झाली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाहत्तर ताटल्या लावल्या. काचेची चपटी ताटली, तिच्यात खळीसारखा थर, त्यावर नमुना पसरायचा, दोन दिवस उबेत ठेवायचा, की यीस्टचे साईच्या रंगाचे ठिपके उगवतात. ते बाई मोजायच्या. जाड चष्मा, हातात टाचणी, आणि मधेच कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्याकडेही बाळांचे नुसते नंबर जायचे, कुणाला तेल आणि कुणाला नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"अहो डॉक्टर," एक दिवस त्या म्हणाल्या, "तुमचं यीस्ट उतरतंय हो."

डॉक्टरच्या डोळ्यांसमोर खिडकी उघडली. "किती जणांचं?"

"तेच सांगतेय. सगळ्यांचं."

"सगळ्यांचं कसं? सहांचं असेल."

"मला मोजता येतं," बाई चष्मा काढून म्हणाल्या. "बारा म्हणजे बारा. आपापसात बोलून घेतल्यासारखी उतरतायत."

शेवटचा नमुना मोजून झाल्यावर नियमाप्रमाणे पाकिटांची यादी उघडली. तेलवाली सहा एका बाजूला मांडली, बिनतेलवाली दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडची सरासरी काढली. फरक इतका थोडा, की तो ताटलीवर माशी बसल्यानंही पडला असता. डॉक्टरनं आकडेमोड तीनदा केली. चौथ्यांदा बायकोला करायला लावली; ती शाळेत गणित शिकवायची.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तेल दिलं काय, न दिलं काय, सारखंच."

डॉक्टर दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि पाठीवर हात ठेवला.

"तोंड पाडून बसू नका. तेलाचा उपयोग होत नाही, हेही उत्तरच आहे. जग या उत्तराची वाट बघत असेल. शुक्रवारपर्यंत प्रबंध टेबलावर ठेवा, सोमवारी निवड समिती बसतेय. एक जागा आहे आणि दोघं जण आहात, तुम्ही आणि ते फुफ्फुसवाले. फुफ्फुसवाल्यांचा प्रबंध अजून लिहूनच व्हायचाय."

डॉक्टर जोरात हसला. साहेबांनी विनोद केला नव्हता, पण सवय.

बुधवारपर्यंत प्रबंध छापून झाला. शेवटच्या पानावर वाक्य होतं: 'या तेलाचा आतड्यातील यीस्टवर परिणाम आढळला नाही.' डॉक्टरनं ते इतक्या वेळा वाचलं की त्याला ते आवडायला लागलं.

गुरुवारी सकाळी तपासणीला जुळी आली. अभ्यासातली ही सगळ्यात पहिली दोन बाळं, एक आणि दोन नंबर. दाखल झाली तेव्हा मुलगा नऊशे ऐंशी ग्रॅम होता, मुलगी त्याहून चाळीस ग्रॅम कमी. आता दोघं साडेचार-साडेचार किलोंची झाली होती, आणि काट्यावर ठेवल्यावर थोरल्यानं काट्यालाच भिजवलं. आई बसमध्ये कंडक्टर होती. बाळंतपणाची रजा संपून परत कामावर लागली होती, आणि वर्दीतच आली होती.

डॉक्टरनं पोटं दाबून पाहिली, डोळे पाहिले, वजन लिहिलं. कंडक्टरबाई निघता निघता थांबल्या.

"डॉक्टरसाहेब, एक बोलायचं राहूनच गेलं होतं. त्या वेळी तुम्ही माझं ऐकलंत ना, ते मी जन्मात विसरणार नाही."

"काय ऐकलं मी?"

"तेलाचं हो. पाकिटं उघडली तेव्हा धाकटीला तेल निघालं आणि थोरल्याला नाही. सही मीच केली होती, कबूल. पण प्रत्यक्ष बघवेना. तिथंच रडायला लागले. म्हटलं, सिस्टर, एकाच स्टॉपवर चढलेले दोघं, एकाला सीट देताय नि एकाला म्हणताय लोंबकळ? सिस्टर म्हणाल्या, थांब, बघते. आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांना अर्धं अर्धं! म्हटलं, डॉक्टरसाहेबांनी परवानगी दिली असणार. देवमाणूस आहात तुम्ही."

देवमाणसाच्या हातातलं पेन खाली पडलं. "अर्धं अर्धं. दोघांना."

"दोघांनाच कशाला, सगळ्यांनाच. नंतर येत गेली ती पण बाळं होती ना? सिस्टर म्हणाल्या, तुझ्यासाठी केलं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

डॉक्टर जिन्यावरून धावत दुधाच्या खोलीशी आला आणि दारात थबकला. इतक्या महिन्यांची बंदी पायांत मुरली होती, आत पाऊल पडेना. मोठ्या सिस्टर आत दुधाच्या बाटल्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या लावत होत्या.

"सिस्टर, अभ्यासातल्या किती बाळांना तेल दिलंत?"

"बारा."

"सहांना द्यायचं होतं!"

"माहितीये की. सहांचं तेल यायचं, ते बारांना दिलं. थेंब वाया घालवला नाही."

"अहो, पण बाकीच्या सहांना द्यायचंच नव्हतं! त्यातच तर सगळी गंमत होती!"

"कसली गंमत?" सिस्टरांनी चिठ्ठी लावायची थांबवली. "ओळीनं पेट्या. ओळीनं आया बसलेल्या. एकीच्या दुधात तेल घालायचं आणि शेजारणीनं बघत राहायचं? माझ्या खोलीत पंक्तिप्रपंच चालत नाही, डॉक्टर. चौतीस वर्षांत चालला नाही."

"मग मला सांगायचं होतंत!"

"सांगितलं नाही?" सिस्टर आता खरोखरच चकित झाल्या. त्यांनी कपाटातून वही काढली आणि दारात आणून दिली. "रोज लिहिलंय. दर आठवड्याला तुमची सही आहे."

डॉक्टरनं पहिल्यांदाच शेऱ्याचा रकाना उघड्या डोळ्यांनी पाहिला. सिस्टरांचं अक्षर सुरेख होतं. 'आज दर वेळचं तेल दीड मिलि, डोकी सहा, प्रत्येकी पाव मिलि. शिल्लक नाही.' दुसऱ्या पानावर, 'तेल एक मिलि, डोकी पाच, प्रत्येकी शून्य पूर्णांक दोन. शिल्लक नाही.' एका ठिकाणी, 'एक थेंब सांडला, तो आठ नंबरच्या वाट्याचा होता, पुढच्या वेळी भरून दिला.' पानामागून पान, आणि प्रत्येकाच्या तळाशी त्याची झोकदार सही. कडेला जिथं तळहात टेकायचा तिथं त्याच्या करंगळीचा निळा डाग.

"मी हे वाचत नव्हतो, सिस्टर," तो अगदी हळू म्हणाला. "मी हात ठेवायचो ना वर."

"हो की! मला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. वरून हुकूम सहांचा, आणि मनातून तुम्हाला बारांना द्यायचंय. म्हणून बघितलं न बघितल्यासारखं करताय. मोठी माणसं तशीच करतात. म्हणून तर मी तुमचा हात नीट ठेवून देत होते. म्हटलं, चांगला माणूस आहे, उगाच अडकायला नको."

वही काखेत मारून डॉक्टर चादरींच्या कोठारात जाऊन बसला.

बायकोला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली, "पण गणित दुसरंच सोडवलंयस. सगळ्यांनाच अर्धं तेल, मग फरक दिसणार कुठून?"

"कुणाला कळणार नाही. वही कोण वाचतं?"

"तू तर नाहीसच वाचत."

"उद्या शुक्रवार आहे."

"मग छापलंयस ते देऊन टाक. कुठंतरी कुणी डॉक्टर ते वाचेल, म्हणेल, उपयोग नाही म्हणे, आणि बाटलीला बूच लावेल. तुला मिळेल खिडकी. मी ओरडत नाहीये. तू काय करणार ते मला ठाऊक आहे. तुला कळायला वेळ लागतोय, एवढंच."

दुपारी तो वही घेऊन मोठ्या साहेबांकडे गेला. साहेबांनी चार पानं चाळली. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर, वाट सापडलेल्या माणसाचा असतो तसा, समाधानाचा भाव आला.

"सोपं आहे. असं लिहा: सिस्टरांनी परस्पर केलं, तुम्हाला अंधारात ठेवून. तुमची आखणी निर्दोष होती. बिघडवलं त्यांनी. सोमवारी मी समितीला सांगतो, या माणसाचा दोष नाही, नेमणूक द्या, अभ्यास पुन्हा करून घेऊ."

"आणि सिस्टरांचं काय होईल?"

"चौकशी. निलंबन, कदाचित. सात महिने राहिलेत नाही का त्यांचे?" साहेबांनी वही मिटली. "त्यांनी केलंय खरं, डॉक्टर. आपण काही खोटं लिहीत नाही."

हेच तर अवघड होतं. खोटं नव्हतंच. एक ओळ लिहायची, आणि ती खरी, आणि तिच्या पलीकडे खिडकी. डॉक्टर परत येऊन टेबलाशी बसला. त्यानं ती ओळ लिहिली. मग वही उघडून सह्या मोजल्या. सतरा होत्या. सतरा वेळा कुणीतरी त्याच्यासमोर सगळं स्वच्छ अक्षरात मांडलं होतं, आणि सतरा वेळा त्यानं त्यावर हात ठेवला होता. अंधारात तो होता हे खरं, पण दिवा त्यानंच विझवला होता. दार ढकलून कुणीतरी दोन अभ्रे मागितले. डॉक्टरनं नाही म्हणून सांगितलं, ओळ खोडली आणि नवी लिहिली: 'दर आठवड्याला ही नोंदवही माझ्यासमोर येत होती. मी ती न वाचता सही केली. अभ्यास बिघडला तो यामुळे.'

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी तातडीनं तीन जणांची चौकशी समिती बसवली. समोर डॉक्टर आणि सिस्टर, मधे वही.

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाला.

"त्यांची कशी?" सिस्टर म्हणाल्या. "तेल मी दिलं. हे तर उंबऱ्याच्या आत आलेसुद्धा नाहीत."

"पण सही माझी आहे."

"सही आहे हो, पण हातानं झाकून. न बघता केलेली सही कसली धरायची?"

"सिस्टर, तुम्ही मधे बोलू नका."

"का बोलू नको? चौतीस वर्षं मी सगळं निम्मं निम्मं वाटलंय, दोष तेवढा तुम्ही एकटे घेऊन जाणार होय?"

समितीतले एक जण कपाळ धरून म्हणाले, "अहो, तुमच्यापैकी एकानं तरी नाकारा. मला चौकशी करायचीय."

मग आयांना बोलावलं. ज्यांना तेल मिळायचं नव्हतं त्या सहांना विचारलं, चिठ्ठी निघाली एक आणि झालं भलतंच, तुमची तक्रार आहे का? त्या म्हणाल्या, तेल मिळालं ना? वजन वाढलं ना? मग कसली तक्रार? समितीनं सुटकेचा श्वास सोडला. पण मग तेलवाल्या सहांना विचारलं, आणि तिथं भडका उडाला.

"आमच्या वाट्याचं अर्धं लोकांना?" एक जण उभीच राहिली. "माझ्या सोन्याच्या चिठ्ठीत पूर्ण तेल लिहिलं होतं!"

"तुमचं बाळ ठणठणीत आहे, ताई."

"अर्ध्यात ठणठणीत आहे. पूर्ण दिलं असतं तर आत्ता चालत आला असता इथं!"

तिचं बाळ त्या वेळी साडेतीन महिन्यांचं होतं. कंडक्टरबाईंनी तिला कोपऱ्यात नेलं, वर्दीच्या अधिकारवाणीनं काहीतरी समजावलं, आणि खाली बसवलं.

सोमवारी निवड समिती बसली. बिघडलेल्या प्रबंधावर नेमणूक देता येत नाही, असं ठरायला चार मिनिटं लागली. फुफ्फुसवाल्या डॉक्टरांनी आदल्याच दिवशी आपला प्रबंध पुरा केला होता. त्यांना खिडकीची खोली मिळाली. डॉक्टरचा करार आणखी एक वर्ष वाढवला, आणि तोच अभ्यास नव्यानं करायला सांगितला. या वेळी तेलाचं दूध आणि साधं दूध दोन्ही एकाच रंगाच्या झाकणाच्या बाटल्यांत प्रयोगशाळेतूनच भरून येणार होतं, म्हणजे वाटणी करायला कुणाला काही दिसायलाच नको. आणि वही डॉक्टरऐवजी दुसऱ्या विभागाचा माणूस तपासणार होता, दोन्ही डोळ्यांनी.

आता कुणाला हे केवढ्याला पडलं ते. मोठ्या सिस्टरांच्या चौतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात एक ओळ लाल शाईनं लिहिली गेली. त्यांनी ती वाचली, एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारून घेतलं आणि खाली सही केली. प्रयोगशाळेतल्या बाईंच्या बाहत्तर ताटल्या फुकट गेल्या, आणि नव्या बाहत्तर गळ्यात पडल्या. चष्म्याचा नंबर वाढला तो वेगळा. डॉक्टरनं एक नेमणूक आणि एक अख्खं वर्ष दिलं, शिवाय रविवारच्या जेवणातली शांतता. मोठ्या साहेबांना काहीच पडलं नाही, त्यांचं नाव अहवालात 'मार्गदर्शक' म्हणून आहे. तेलवाल्या आयांपैकी कंडक्टरबाई सोडून पाच जणी पूर्ण तेलाच्या हक्कावर अजून अडून आहेत, पण द्यायचं कुणी ते ठरलेलं नाही. बाळांनी एक पैचाही भार उचलला नाही. सगळ्यात जबर किंमत मोजली ती यीस्टनं. त्याची कुठल्या कागदावर सही नव्हती, त्याला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, आणि बाराच्या बारा पोटांतून त्याचं बस्तान उठलं. ते तेलानं उठवलं की बाळं आपली आपण मोठी झाली म्हणून उठलं, हे मात्र त्या ताटल्यांवरून आता कुणालाच सांगता येणार नाही.